उगाळावा तितका... वेगळा!

नोव्हेंबर उजाडला, रात्रीच्या हवेत जरा गारवा आला, की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘या सॅटरडेला टेरेसवर बार्बेक्यू. कोण कोण येतंय?’ मग पुढचे तीन दिवस नुसता कल्ला. मॅरिनेशन कुणी करायचं, लेग पीस आणायचे की ब्रेस्ट, पनीरवाल्यांची जाळी वेगळी ठेवायची का, ज्यांचा शनिवार असतो त्यांचं काय... कसुरी मेथी घालावी की नाही यावर चाळीस मेसेज. आणि सगळ्यात शेवटी, घरातून निघता निघता कुणीतरी टाकलेली एक ओळ : ‘अरे, येताना कोळसा आणा कुणीतरी.’

बस्स. कसला कोळसा, किती, कुठून, काही नाही. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण शाळेत इतकी घोकलीय, की सगळे कोळसे सारखेच हे आपण मान्यच करून टाकलंय. पण मंडळी, तुमच्या त्या दोन दिवस दह्यात मुरवलेल्या चिकनचं काय होणार हे मसाल्याइतकंच ठरतं ते या दुर्लक्षित काळ्या पिशवीत. म्हणून म्हटलं, या आठवड्यात रेसिपी नको. कोळशाबद्दल बोलू.

आधी नाव नीट घ्या

आपल्या मराठीत याचं उत्तर कधीचं तयार आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, दगडी कोळसा आणि लोणारी कोळसा. दगडी म्हणजे खाणीतला. त्यात गंधक असतं, तो जळताना धूर आणि डोक्यात जाणारा वास सोडतो. त्यावर उघडं अन्न भाजायचं नाही. विषय संपला. लोणारी म्हणजे लाकडाचा. चुना भाजणं आणि लाकडाचा कोळसा पाडणं हा लोणारी समाजाचा पिढीजात व्यवसाय, त्यावरून हे नाव पडलं. त्यामुळे कोळशाच्या वखारीत (हो, शहरात अजून आहेत, तुमच्या इस्त्रीवाल्याला विचारा, त्याला पत्ता पाठ असतो) जाऊन ‘बार्बेक्यू चारकोल आहे का?’ असं विचारण्यापेक्षा ‘लोणारी द्या, मोठे तुकडे’ म्हणा. समोरच्या काकांचा चेहराच बदलतो. मी गेले होते त्या वखारीतल्या काकांनी तर उलट मलाच विचारलं, ‘इस्त्रीला, धुपाला, की कबाबला?’ मॉलमधल्या कुठल्याही सेल्समनने मला इतका नेमका प्रश्न कधी विचारलेला नाही!

कोळसा चव देत नाही

आता एक फंडा क्लिअर करू, कारण सगळा घोळ इथे आहे. आपल्याला वाटतं ‘स्मोकी फ्लेवर’ कोळशातून येतो. नाही येत. लोणारी कोळसा होतो कसा? लाकूड रचायचं, पाला-गवत आणि मातीने लिंपून टाकायचं, आत विस्तव घालायचा आणि हवा जेमतेम जाईल एवढीच भोकं ठेवायची. लाकूड पेटत नाही, दिवसच्या दिवस नुसतं धुमसतं. त्यातलं पाणी जातं, धूर आणि वास देणारे पदार्थ जातात आणि मागे उरतो तो बहुतांशी कार्बन. म्हणजे लाकडाचा धूर भट्टीतच निघून गेलेला असतो. तुमच्या हातात येते ती फक्त आच.

मग कबाबला तो वास येतो कुठून? कबाबमधूनच! चरबी, तेल, मसाल्याचं पाणी निखाऱ्यावर टपकतं, चर्र होतं, वाफ आणि धूर वर उठून मांसाला चिकटतात. भर पावसात गाडीवर भाजलेल्या मक्याच्या कणसाची ती खमंग चवही दाणे करपण्याची आहे, कोळशाची नाही. म्हणून चांगल्या कोळशाची परीक्षा ‘वास किती छान’ अशी नसतेच. ती असते, नको असलेला वास किती कमी, धग किती, टिकते किती आणि राख किती. या चार गोष्टी लक्षात ठेवल्या की दुकानातल्या चकाचक पिशव्यांना भुलायला होत नाही.

पिशवीत नक्की काय आहे?

पहिला प्रकार, आपला साधा लोणारी. ओबडधोबड तुकडे, पटकन पेटणारा, जबरदस्त धग, राख कमी. आपल्याकडे येणाऱ्या मालात बराचसा वेड्या बाभळीचा असतो. तमिळनाडूतला रामनाथपुरमचा पट्टा आणि गुजरातचा कच्छ ही त्याची मोठी ठिकाणं. गंमत म्हणजे ही वेडी बाभूळ आपली नाहीच, ती मूळची अमेरिका खंडातली. परदेशी कुकरी शोमध्ये ज्या ‘मेस्कीट’च्या नावाने शेफ मंडळी डोळे मिटतात, त्याच कुळातलं हे झाड. कच्छच्या बन्नीत रण पसरू नये म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लावलं गेलं आणि मग त्याने गवताळ कुरणंच गिळायला घेतली. त्यामुळे आंबा-जांभळासारखी झाडं तोडून केलेल्या कोळशापेक्षा हा घेताना मन जरा कमी खातं. तोटा एकच, हा तडतडतो, ठिणग्या उडवतो. नायलॉनचं जाकीट घालून जवळ वाकू नका.

दुसरा, नारळाच्या करवंटीचा. कडक, हळू पेटतो, पण एकदा पेटला की एकसारखा जळत राहतो. धूर जवळजवळ नाही, राख थोडी. सोसायटीच्या टेरेसवर, वरच्या मजल्यावरच्या काकूंची झोप न मोडता काही करायचं असेल तर हा बेस्ट. शिवाय यासाठी वेगळं झाड तोडावं लागत नाही, खोबरं काढून झाल्यावर उरलेल्याच करवंट्या.

तिसरा, ब्रिकेट. उशीच्या आकाराच्या सारख्या वड्या. याची एक गोष्ट भारी आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात हेन्री फोर्डच्या कारखान्यात गाड्यांसाठी कापलेल्या लाकडाचा भुसा आणि तुकडे वाया जायचे, त्यांचा कोळसा करून, स्टार्च घालून वड्या पाडल्या आणि विकल्या. थोडक्यात, गाडीच्या कचऱ्यातून पिकनिक! ब्रिकेटचा प्लस पॉइंट म्हणजे भरवसा. एकसारखी आच, जास्त वेळ. मायनस पॉइंट म्हणजे राख जास्त आणि आत काय मिसळलंय ते दिसत नाही. काही स्वस्त वड्यांमध्ये दगडी कोळशाची पूड, लवकर पेटावं म्हणून रसायन, वजनाला चुनखडी असा माल असतो. पिशवीवर घटक लिहिलेले नसतील तर ठेवून द्या.

चौथा, ज्याला मी ‘इन्स्टाग्रामवाला’ म्हणते, जपानचा बिनचोतान. वाकायामा भागातल्या उबामे नावाच्या ओकचा. शेवटच्या टप्प्यात भट्टीचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर नेतात आणि लालबुंद कोळसा बाहेर ओढून राख-मातीखाली विझवतात. त्यामुळे वर पांढुरकी छटा येते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टणत्कार. याकितोरीच्या नाजूक काड्यांसाठी लाजवाब, बिनधुराचा, तासन्‌तास चालणारा. पण पेटायला महाहट्टी आणि खिशाला महाग. आठ मित्रांच्या तंदुरी चिकनसाठी हा आणणं म्हणजे मिसळ खायला सूट घालून जाणं.

आणि आता दोन तोतये. एक, ‘व्हाइट कोल’. नावावरून बिनचोतानचा भाऊ वाटतो, पण हा कोळसाच नाही! उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेले हे ठोकळे, कारखान्यांच्या बॉयलरसाठी. पेटवलेत तर पनीर टिक्का नाही, अख्खी टेरेस धुरात बुडेल. दुसरा, हुक्क्याच्या काडी लावताच सुरसुरत पेटणाऱ्या चकत्या. त्या सुरसुरतात कारण त्यात पेट घेणारं रसायन असतं. त्यावर खायचं काही भाजू नका, प्लीज.

तुमच्या मेन्यूला कुठला?

झटपट भाजायचं असेल, कबाब, कोळंबी, पापलेट, पनीर, तर लोणारीचे मुठीएवढे तुकडे. मोठी धग, थोडा वेळ. अख्खी कोंबडी किंवा हाडासकट मोठे पीस असतील तर करवंटी किंवा चांगले ब्रिकेट, म्हणजे बाहेरून काळं आणि आतून कच्चं असा प्रकार होत नाही. आणि कोळसा काहीही असो, तो सगळीकडे सारखा पसरू नका. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू मोकळी. ढिगावर रंग आणायचा, मोकळ्या बाजूला नेऊन आतपर्यंत शिजवायचं. चरबी पेटून ज्वाळा उठल्या की पीस सरकवायला जागा राहते आणि करपटही कमी पोटात जातं, जे तब्येतीला बरंच.

सहा जणांसाठी साधारण दोन किलो धरा. विकत घेताना पिशवी हलवून बघा, खाली नुसता चुरा खळखळला तर नको. तुकडा तोडून बघा. चांगला कोळसा वजनाला हलका, तोडला की आत चमकदार काळा, आपटला की खणखणीत. आत तपकिरी दिसला तर लाकूड नीट भाजलेलं नाही, तो डोळ्यांतून पाणी काढणार. पिशवी ओलसर लागली तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजताय.

पेटवताना रॉकेल-पेट्रोलची बाटली लांब ठेवा. वास तर अन्नाला लागतोच, शिवाय भडका कधी अंगावर येईल सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा, खाली वर्तमानपत्राचे बोळे किंवा नारळाचं सुकं सोडण, वर कोळसा. वीसेक मिनिटांत काम होतं. कोळशावर राखाडी साय धरली की मगच जाळी ठेवायची. मग जाळीच्या चार-पाच इंच वर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर कडक आच, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम. थर्मामीटरचे पैसे वाचले.

आणि ते ‘स्मोक’ करायचं म्हणता ते?

स्मोकिंग हा वेगळा खेळ आहे. भाजणं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा टी-ट्वेंटी, स्मोकिंग म्हणजे टेस्ट मॅच. झाकण असलेली ग्रिल, आतलं तापमान साधारण ११० ते १३५ अंश आणि चार-सहा तासांचा पेशन्स. इथे कोळशाने फक्त मंद, एकसारखी आच द्यायची, म्हणून ब्रिकेट किंवा करवंटी. धुराची चव द्यायला वर खरं लाकूड हवं, पूर्ण वाळलेलं, दोन-तीन ठोकळे. पेरू किंवा आंब्याच्या वाळक्या फांद्या आपल्याकडे सहज मिळतात. प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या अजिबात नकोत. त्यात डिंक, रंग, औषधं काय काय असतं. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर निघत असेल तर लाकूड नुसतं कोंडून धुमसतंय. झाकणाची झडप उघडा, नाहीतर मटण कडू होईल.

वन-बीएचकेवाल्यांनो, तुम्ही हिरमुसू नका. तुमच्यासाठी धुंगार आहे. लोणारीचा एकच तुकडा गॅसवर जाळी ठेवून आरपार लाल करा, वाटीत ठेवून वाटी भरताच्या पातेल्यात बसवा, वर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. तीन-चार मिनिटं पुरे. इथेही चव तुपाच्या धुराची, कोळसा फक्त निमित्त. खिडकी उघडी ठेवा आणि तुकडा मात्र अस्सल हवा, कारण तो थेट जेवणात बसतोय.

ज्याचा धूर दिसत नाही

आता जरा सिरियस. निखारे लाल झाले, धूर थांबला की आपल्याला वाटतं, झालं, आता सेफ. उलट आहे. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. कोळसा कितीही महागडा, कितीही ‘नॅचरल’ असो, हा नियम बदलत नाही. त्यामुळे काचा सरकवून बंद केलेल्या बाल्कनीत ग्रिल नको. आणि पवनेच्या काठी कॅम्पिंगला जाताय ना? रात्री थंडी वाजते म्हणून उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी तंबूत ओढून घेणारा एक हुशार प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला तिथल्या तिथे थांबवा. दोस्तीखात्यात नाही, कॉलर धरून. थंडीला स्लीपिंग बॅग असते.

शेजाऱ्यांच्या नाकाचाही विचार करा. शहराच्या हवेचा प्रश्न आता कोर्टात पोचलाय. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. ज्याचं पोट पावाच्या भट्टीवर आहे त्याला हा हिशेब मांडावा लागतोय. आपल्या तर हौसेचा मामला आहे, तेव्हा महिन्यातून एकदा, कमी धुराचा कोळसा, मोजून, एवढं तरी आपण करू शकतो.

आणि एक हिशेब पिशवीवर छापलेला नसतो. आपण वीकेंडला अलिबाग, कर्जतच्या फार्महाउसवर ग्रिल लावतो. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी कातकरवाड्या आहेत. पाऊस संपला की यातली कितीतरी घरं कुलूप लावून निघतात, काही वीटभट्ट्यांवर, काही कोळशाच्या भट्ट्यांवर, महाराष्ट्रात लांब कुठेतरी किंवा थेट कर्नाटकात. जाण्याआधी ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर राबून ती फिटतेच असं नाही. भट्टीवर मातीचा लेप तडकला आणि हवा आत गेली तर आख्ख्या रचाईची राख होते, म्हणून रात्रीही उठून बघावं लागतं. मग ती फोडणं, चाळणं, गोण्या भरणं, सगळी पूड नाकातोंडात. मुलं बरोबर, म्हणजे शाळा सुटली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. तरीही अशा भट्ट्यांवरून कुटुंबं सोडवून आणल्याच्या बातम्या अजून येतात. जी माणसं आपल्याला शनिवारी आमराईच्या वाटेवर दिसायला हवीत, ती कुठेतरी आपल्याच शनिवारचा कोळसा पाडत असतात.

तुमच्या हातातली पिशवी कुणाच्या भट्टीतली, हे तिच्याकडे बघून कळत नाही. मी हे बार्बेक्यू बंद करा म्हणून सांगत नाहीये, मलाही सीख कबाब जाम आवडतात. पण दुकानात ‘कितीला?’बरोबर ‘कुठला?’ हेही विचारायला लागा. झाड कुठलं, माल कुठून येतो. वखारीतल्या काकांना बऱ्याचदा माहीत असतं. ब्रँडवाल्यांना माहीत असायलाच हवं, आणि दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर ते पिशवीवर छापतीलही. करवंटीचा पर्याय असेल तिथे तो घ्या.

आणि शेवटचं, अगदी सोपं. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा निघायला चार-पाच किलो लाकूड जातं, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे पार्टी संपली की धगधगत्या ढिगावर बादलीभर पाणी ओतून मोकळं होऊ नका. झाकण लावा, झडपा बंद करा, हवा तुटली की कोळसा आपोआप विझतो. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर राख झाडा आणि उरलेले तुकडे कोरड्या डब्यात भरून ठेवा. पुढच्या वेळी तेच आधी पेटतात. कुणीतरी रात्र जागून जपलेलं आहे ते. आपण निदान पुढच्या शनिवारपर्यंत जपू.